संगणकाचा पत्ता : माणसाचे लेखन आणि यंत्राचे वाचन

पत्रावर पिनकोड लिहिण्याची सवय आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू झाली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक होत. सहा अंकांतील पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि अखेरचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. एखादा अंक चुकला तर पत्र भलत्याच गावी जाते. परंतु तेथील कर्मचारी पाकिटावरील गावाचे नाव वाचतो आणि पत्र योग्य ठिकाणी रवाना करतो.

इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशाला ही सवलत नसते. त्याच्यावर गावाचे नाव नसते, केवळ अंक असतात. आणि तो अंक वाचणारे यंत्र अंदाज बांधीत नाही. यास्तव माणसाने लिहिलेला पत्ता यंत्राच्या अंकात बिनचूक उतरविणे आणि यंत्राकडील अंक माणसाला वाचता येईल अशा रूपात परत आणणे, ही दोन्ही कामे अत्यंत काटेकोरपणे व्हावी लागतात. आज शाळा, पंचायती आणि शासकीय कार्यालये यांचा कारभार संगणकांच्या जाळ्यावर चालत असताना या कामांचे स्वरूप आणि त्यांतील धोके समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एका पत्त्याची दोन रूपे

आज सर्वत्र परिचित असलेली पत्तापद्धती, म्हणजे इंटरनेटच्या नियमांची चौथी आवृत्ती किंवा आयपीव्ही४, सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ या तांत्रिक निवेदनाद्वारे प्रसिद्ध झाली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने जुनी व्यवस्था सोडून नव्या नियमांचा स्वीकार केला. या पद्धतीत प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असतो. बिट म्हणजे द्विमान पद्धतीतील एक अंक. तो शून्य असतो किंवा एक. अशा ३२ अंकांतून एकूण ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळे पत्ते तयार होतात.

बत्तीस शून्ये आणि एक यांची ओळ माणसाला वाचता येत नाही आणि लक्षातही राहत नाही. म्हणून तिचे आठ-आठ बिटांचे चार भाग पाडून प्रत्येक भाग दशमान पद्धतीत लिहिण्याचा आणि मध्ये टिंब देण्याचा प्रघात पडला. आठ बिटांत ० ते २५५ एवढ्याच संख्या मावत असल्याने कोणताही भाग २५५ च्या पुढे जात नाही. कार्यालयांतील अंतर्गत जाळ्यांत आढळणारा १९२.१६८.१०.५ हा पत्ता उदाहरणादाखल घेता येईल. यंत्राच्या दृष्टीने हे चार आकडे नसून ती एकच संख्या आहे. शाळेतील स्थानिक किमतीचा नियम येथेही लागू पडतो. फक्त दहाऐवजी २५६ च्या पटीने स्थान वाढत जाते. १९२ ला १,६७,७७,२१६ ने, १६८ ला ६५,५३६ ने आणि १० ला २५६ ने गुणून त्यांत ५ मिळविले असता ३,२३,२२,३८,०८५ ही संख्या येते. हा हिशेब करून देणाऱ्या आज्ञांच्या लहान, स्वयंपूर्ण संचाला संगणकाच्या परिभाषेत फंक्शन म्हणतात.

अशी फंक्शने एकदाच लिहून ठेवलेली असतात आणि हजारो आज्ञावली त्यांचा उपयोग करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत युनिक्स या प्रणालीची जी आवृत्ती तयार झाली, त्यातील ऑगस्ट १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत पत्त्यांची फंक्शने समाविष्ट होती. ‘आयनेट-अ‍ॅडर’ हे फंक्शन टिंबांनी लिहिलेल्या पत्त्याची संख्या करी आणि ‘आयनेट-एनटोए’ हे संख्येचा पुन्हा टिंबांचा पत्ता करी. इतर प्रणालींनीही पुढे तीच नावे व तोच व्यवहार स्वीकारला. त्यामुळे त्यांचे गुण सर्वत्र पोचले, त्याबरोबर त्यांतील उणिवाही पोचल्या.

आरंभीच्या शून्याचा घोटाळा

नोंदवहीचा रकाना भरताना आकड्यांची लांबी सारखी राहावी म्हणून आधी शून्ये लिहिण्याची पद्धत कार्यालयांत रूढ आहे. १० च्या ऐवजी ०१० लिहिले, तरी किंमत बदलत नाही, असेच सर्वांना वाटते. इंटरनेटच्या आरंभीही हाच समज होता. सप्टेंबर १९८१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९० या निवेदनात टिंबांच्या लेखनपद्धतीचे उदाहरण म्हणून ०१०.००२.०००.०५२ असा पत्ता दिलेला आहे. तेथे ०१० म्हणजे दहाच होत.

बर्कलेच्या फंक्शनांनी मात्र निराळा मार्ग धरला. ती सी या संगणकभाषेत लिहिलेली होती आणि त्या भाषेचा संकेत असा की, ज्या संख्येच्या आरंभी शून्य असेल ती अष्टमान पद्धतीची मानावी. अष्टमान पद्धतीत ०१० म्हणजे आठ आणि ०५२ म्हणजे बेचाळीस. परिणामी निवेदनात दिलेला तो पत्ता या फंक्शनाच्या हाती दिला तर त्यातून ८.२.०.४२ हा अगदी वेगळा पत्ता निघतो. शून्यानंतर एक्स हे अक्षर आले तर हेच फंक्शन ती संख्या षोडशमान पद्धतीची समजते. चारांपेक्षा कमी भागही ते चालवून घेते. १२७.१ एवढेच लिहिले तरी त्याचा अर्थ १२७.०.०.१, म्हणजे संगणकाचा स्वतःकडे वळणारा पत्ता, असा लावला जातो.

एक यंत्र एका रीतीने वाचते आणि दुसरे दुसऱ्या रीतीने, या मतभेदाचे गांभीर्य २०२१ साली प्रकर्षाने पुढे आले. अनेक आज्ञावलींमध्ये वापरली जाणारी ‘नेटमास्क’ नावाची एक संचिका ०१७७.०.०.१ हा पत्ता १७७.०.०.१ असा वाचीत होती. १७७ ने सुरू होणारा पत्ता बाहेरच्या जगातील; त्यामुळे अंतर्गत यंत्रणेकडे जाऊ पाहणाऱ्या विनंत्या अडविणारा पहारेकरी त्याला हरकत घेत नसे. पुढे प्रत्यक्ष जोडणी करणारे फंक्शन मात्र जुन्या नियमाने ०१७७ म्हणजे १२७ असे वाची आणि विनंती थेट यंत्राच्या आतल्या भागात पोचण्याची वाट मोकळी होई. दारावर एक नाव सांगून आत दुसऱ्याच नावाने वावरावे, तसा हा प्रकार होता. त्याच वर्षी पायथन भाषेतील पत्त्यांच्या संचिकेतही आरंभीच्या शून्यांविषयीचा असाच दोष आढळला व तो दूर करण्यात आला. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गो भाषेच्या १.१७ या आवृत्तीने तर आरंभी शून्य असलेले पत्ते सरसकट नाकारण्याचे धोरण स्वीकारले.

या दोषांचे मूळ गणितात नव्हते. आरंभीच्या शून्याचा अर्थ काय, याविषयी दोन आज्ञावलींत एकवाक्यता नव्हती, हेच त्याचे मूळ होय. संदिग्ध पत्त्याचा अर्थ लावीत बसण्यापेक्षा तो परत पाठविणे अधिक सुरक्षित, हा धडा त्यातून मिळाला.

नकाराची खूण आणि एकुलती पाटी

जुन्या फंक्शनांतील आणखी दोन उणिवा कार्यालयीन अनुभवाच्या आधारे सहज समजण्यासारख्या आहेत. ‘आयनेट-अ‍ॅडर’ ला दिलेला मजकूर पत्ता म्हणून अग्राह्य असेल, तर ते ३२ ही बिटे एक असलेली संख्या परत करते. परंतु ही संख्या म्हणजेच २५५.२५५.२५५.२५५ हा पत्ता आहे आणि तो पूर्णपणे वैध आहे; जवळच्या जाळ्यातील सर्व संगणकांना एकाच वेळी साद घालण्यासाठी तो राखून ठेवलेला आहे. एखाद्या तक्त्यात ‘वय माहीत नाही’ यासाठी ९९ लिहिण्याचे ठरवावे आणि गावात खरोखरच नव्याण्णव वर्षांची आजी निघावी, तशी ही अडचण आहे. नकार आणि उत्तर यांची खूण एकच झाली की परीक्षा निरर्थक ठरते. पुढे आलेल्या ‘आयनेट-एटोएन’ या फंक्शनाने हा दोष काढून टाकला. ते पत्ता एका जागी ठेवते आणि तो ग्राह्य होता की नव्हता हे स्वतंत्रपणे कळविते.

‘आयनेट-एनटोए’ ची उणीव वेगळी आहे. संख्येचा टिंबांचा पत्ता करून तो लिहिण्यासाठी त्याच्याजवळ एकच ठरलेली जागा असते. वर्गात एकच पाटी असावी आणि प्रत्येक नवे उत्तर आधीचे पुसून लिहावे, तसे ते चालते. पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते एकाच ओळीत छापण्याची आज्ञा दिली, तर पुष्कळदा दोन्ही ठिकाणी एकच पत्ता छापला जातो. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही; नोंदवहीत मात्र चुकीची नोंद राहते. अनधिकृत प्रवेशाचा तपास अशाच नोंदींवर अवलंबून असल्याने ही चूक क्षुल्लक मानता येत नाही.

डावीकडून की उजवीकडून

पत्त्याचे चार भाग यंत्राच्या स्मृतीत कोणत्या क्रमाने ठेवावयाचे, याविषयीही संगणकांत दोन पंथ आहेत. काही यंत्रे मोठ्या स्थानाचा भाग आधी ठेवतात, तर काही लहान स्थानाचा. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या संगणकांतील इंटेल घराण्याचे प्रक्रियक दुसऱ्या पंथाचे आहेत. भारतीय परंपरेला हा भेद अपरिचित नाही. जुन्या ग्रंथांत शब्दांच्या संकेतांनी शकवर्ष सांगताना एककापासून प्रारंभ करण्याची रीत होती, तर आकड्यांत लिहिताना मोठे स्थान आधी येत असे. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या एका निबंधात या वादाला, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्या गलिव्हरच्या प्रवासातील लोकांची उपमा दिली आणि कोणताही एक क्रम सर्वांनी मान्य करावा असे आवाहन केले.

इंटरनेटने मोठे स्थान आधी, हा क्रम मान्य केला. त्याला जाळ्याचा क्रम म्हणतात. यंत्राच्या क्रमातून जाळ्याच्या क्रमात नेण्यासाठी ‘एचटोएनएल’ आणि परत आणण्यासाठी ‘एनटोएचएल’ अशी दोन फंक्शने आहेत. त्यांचा विसर पडला तर १९२.१६८.१०.५ हा पत्ता ५.१०.१६८.१९२ असा उलटा होतो, आणि ३,२३,२२,३८,०८५ च्या जागी ८,४५,८४,६४० ही संख्या पुढे येते. दोन्ही पत्ते दिसावयास निर्दोष असल्याने चूक लवकर ध्यानात येत नाही.

गाव आणि घर

पिनकोडप्रमाणे या पत्त्याचेही दोन भाग असतात. पहिला भाग जाळे सांगतो, दुसरा त्या जाळ्यातील यंत्र. एक गाव, तर दुसरे घर. १९८१ च्या व्यवस्थेत हे विभाजन पत्त्याच्या पहिल्याच आकड्यावरून ठरे. लहान जाळ्याला २५६ पत्ते, मध्यमाला ६५,५३६ आणि मोठ्याला १,६७,७७,२१६ पत्ते अशी तीन ठरीव मापे होती. बर्कलेच्या संचातील ‘आयनेट-नेटऑफ’ व ‘आयनेट-एलएनएओएफ’ ही फंक्शने याच नियमाने पत्त्यातून गाव आणि घर वेगळे काढीत, तर ‘आयनेट-मेकअ‍ॅडर’ हे दोन्ही जोडून पत्ता तयार करी.

ही ठरीव मापे गैरसोयीची ठरली. ज्या संस्थेला तीनशे संगणक जोडावयाचे होते, तिला लहान माप अपुरे पडे आणि मध्यम माप घेतले तर पासष्ट हजारांवर पत्ते विनावापर पडून राहत. तेव्हा सप्टेंबर १९९३ मध्ये वर्गांची व्यवस्था बाजूला सारून, जाळ्याचा भाग किती बिटांचा आहे हे प्रत्येक पत्त्यासोबत स्वतंत्रपणे सांगण्याचा नियम करण्यात आला. आता तीनशे संगणकांच्या संस्थेला २३ बिटांचे जाळे देता येते. त्यात ५१२ पत्ते मावतात. हिशेब सोपा आहे. पत्ता आणि मुखवटा म्हणून दिलेली दुसरी संख्या बिटामागून बिट ताडून पाहावयाची; मुखवट्यात जेथे एक असेल तेथील बिट जाळ्याचे, उरलेले यंत्राचे. १९२.१६८.१०.५ ला २५५.२५५.२५५.० हा मुखवटा लावला की १९२.१६८.१०.० हे जाळे आणि त्यातील पाचवा क्रमांक, असे दोन भाग स्पष्ट होतात. जुनी तिन्ही फंक्शने काही प्रणालींत अद्याप आढळतात. परंतु ती १९९३ पूर्वीचाच नियम जाणतात. नव्या कामांत त्यांचा उपयोग करणे म्हणजे गावाची हद्द बदलल्यावर जुन्या नकाशाने मोजणी करण्यासारखे आहे.

नवी पत्तापद्धती

साडेचारशे कोटींहून कमी पत्ते वाढत्या जगाला पुरणार नाहीत, हे लवकरच ध्यानात आले. पत्त्यांच्या जागतिक साठ्यातील अखेरचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी विभागीय संस्थांना वाटून देण्यात आले. त्याआधीच, डिसेंबर १९९५ मध्ये, आयपीव्ही६ या पद्धतीचा पहिला नियम प्रसिद्ध झाला होता. तिचा पत्ता १२८ बिटांचा असून एकूण पत्त्यांची संख्या एकोणचाळीस अंकी आहे. या पद्धतीचा वापर मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या देशांत आज भारत आघाडीवर आहे.

नवा पत्ता षोडशमान पद्धतीत, प्रत्येकी सोळा बिटांच्या आठ गटांत आणि मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे देऊन लिहितात. षोडशमानात नवानंतर ए ते एफ ही सहा अक्षरे अंकांचे काम करतात. दाखल्यांसाठी राखून ठेवलेला २००१:डीबी८:०:०:०:०:०:१ हा पत्ता २००१:डीबी८::१ असा संक्षेपाने लिहिता येतो. कारण सलग शून्यांचा एक समूह गाळण्यास मुभा आहे. प्रत्येक गट चार अंकांपर्यंत शून्यांनी भरून लिहिला तरी पत्ता तोच राहतो. याचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. दोन पत्ते अक्षरशः निराळे दिसले तरी ते एकच असू शकतात. म्हणून ते लिखित रूपात ताडून पाहणे व्यर्थ होय. आधी दोहोंची बिटे करावीत आणि मग तुलना करावी. ऑगस्ट २०१० मध्ये आरएफसी ५९५२ या निवेदनाने लेखनाचे एकच प्रमाण रूप सुचविले आहे.

जुनी फंक्शने ३२ बिटांपुरतीच बांधलेली असल्याने दोन्ही पद्धतींचे काम करणारी ‘आयनेट-पीटोएन’ आणि ‘आयनेट-एनटोपी’ ही नवी जोडी १९९० नंतरच्या दशकात सिद्ध झाली. येथे पी म्हणजे माणसाला दाखवावयाचे रूप आणि एन म्हणजे जाळ्याचे रूप. या जोडीने मागील अनुभव जमेस धरला आहे. पहिले फंक्शन पत्ता ग्राह्य असल्यास एक, अग्राह्य असल्यास शून्य आणि पद्धतीचे नावच अपरिचित असल्यास उणे एक असे उत्तर देते. पत्ता वेगळ्या जागी ठेवला जातो. आयपीव्ही४ चा पत्ता दशमान पद्धतीतील चार भागांचाच असावा लागतो, १२७.१ सारखे संक्षेप नाकारले जातात. दुसरे फंक्शन लिहिण्याची जागा बोलावणाऱ्याकडूनच मागून घेते, त्यामुळे एकुलत्या पाटीचा प्रश्न उरत नाही. आयपीव्ही४ साठी १६ आणि आयपीव्ही६ साठी ४६ अक्षरांची जागा पुरेशी असते.

कार्यालये आणि शाळांसाठी

यातून काही व्यावहारिक नियम निघतात. संगणकांच्या नोंदवहीत पत्ता लिहिताना रकाना भरण्यासाठी आरंभी शून्ये लिहू नयेत. १९२.१६८.०१०.००५ अशी नोंद कोणी तशीच यंत्रात भरली, तर जुन्या रीतीने वाचणारी आज्ञावली १९२.१६८.८.५ या दुसऱ्याच यंत्राकडे जाईल. आणि ००८ वा ००९ लिहिले तर ती पत्ताच नाकारील, कारण अष्टमान पद्धतीत आठ व नऊ हे अंक नाहीत. तसेच, या लेखात वाचकांच्या सोयीसाठी पत्ते देवनागरी अंकांत दिलेले असले तरी ही फंक्शने केवळ भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूपच ओळखतात. मराठी अर्जातून पत्ता स्वीकारणाऱ्या आज्ञावलीने देवनागरी अंकांचे रूपांतर आधी करून घ्यावे किंवा तो पत्ता स्पष्ट शब्दांत नाकारावा.

आज्ञावली तयार करवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वीकृतीपूर्वी थोड्या कसोट्या लावाव्यात. २५६ हा आकडा असलेला पत्ता, तीनच भागांचा पत्ता, आरंभी शून्य असलेला पत्ता आणि एकाच आयपीव्ही६ पत्त्याची दोन रूपे देऊन ती कशी वागते हे पाहावे. पत्ता तपासणारा भाग आणि त्याच पत्त्याशी जोडणी करणारा भाग एकाच फंक्शनाने वाचन करतात काय, हा प्रश्न तर आवर्जून विचारावा. २०२१ च्या दोषाचे निवारण याच एका प्रश्नात आहे.

शिक्षकांनाही हा विषय उपयोगी पडेल. द्विमान, अष्टमान आणि षोडशमान पद्धती कशासाठी शिकावयाच्या, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. एका पत्त्याची संख्या करून दाखविणे आणि त्या संख्येचा पुन्हा पत्ता करणे, हा अर्ध्या तासाचा पाठ त्या प्रश्नाचे पुरेसे उत्तर होईल. भाग किंवा भागाकार कोठे थांबवावा, बाकी कोणत्या स्थानी लिहावी, हे त्यातून विद्यार्थ्यांना हाताने करून पाहता येते.

पत्त्यांची फंक्शने आकाराने लहान असतात. त्यांतील काहींची लांबी पुस्तकाच्या एका पानाहून अधिक भरत नाही. तरीही प्रत्येक संदेश कोठे जावयाचा आणि कोणास आत घ्यावयाचे, याचा निर्णय त्यांनी केलेल्या वाचनावर होतो. सात-बाराच्या उताऱ्यावरील गट क्रमांक तलाठ्याने, मोजणीदाराने आणि न्यायालयाने एकाच अर्थाने वाचला तरच शेतकऱ्याची जमीन सुरक्षित राहते. संगणकाच्या पत्त्याचेही तसेच आहे. लिहिणाऱ्याने निःसंदिग्ध लिहावे आणि वाचणाऱ्या प्रत्येक यंत्राने एकच अर्थ घ्यावा, हा साधा नियम पाळला गेला, तर या व्यवस्थेवर विसंबणाऱ्या नागरिकांची माहिती योग्य त्या ठिकाणी आणि योग्य त्या हातांतच पोचेल.